नागपूर ते पुणे विमानाचे अंतर ६०५ किलोमीटर, मग तिकिटावर सव्वा तासाच्या वर वेळ का? आणि आमच्या घाटंजी तालुक्यातून खरा वेळ किती धरावा?

घाटंजीकर

नमस्कार मंडळी. मुलीला पुण्याच्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला आहे आणि कागदपत्रांच्या तपासणीसाठी ठरलेल्या दिवशी सकाळी दहाला तिथे हजर राहायचे आहे. आजवर आम्ही पुण्याला यवतमाळहून निघणाऱ्या स्लीपर बसनेच गेलो. या वेळी मात्र धाकट्या भावाने आग्रह धरला आहे की नागपूरहून विमानाने जा, तासाभरात पोचाल.

मी तिकिटाची चौकशी केली तेव्हा दोन गोष्टी खटकल्या. सोनेगाव (नागपूरचा विमानतळ) ते लोहगाव (पुण्याचा विमानतळ) हे अंतर साधारण ६०५ किलोमीटर दाखवतात. विमानाचा वेग ताशी ८५० किलोमीटर धरला, तर भागाकार करून त्रेचाळीस मिनिटे येतात. तिकिटावर मात्र कुठे एक तास दहा मिनिटे, कुठे एक तास पंचवीस मिनिटे लिहिलेली आहेत. हा वरचा अर्धा-पाऊण तास जातो कुठे? दुसरे असे की वेगवेगळ्या ठिकाणी अंतराचे आकडेही वेगळे दिसतात. एका ठिकाणी ६०५, तर दुसऱ्या ठिकाणी ३२७ असा आकडा पाहून मी चक्रावलो.

माझा मूळ प्रश्न असा आहे की गावातल्या घराच्या दारापासून पुण्यातल्या महाविद्यालयाच्या दारापर्यंत प्रत्यक्षात किती वेळ धरून चालावे, आणि एवढे करून विमान आपल्यासारख्यांना परवडते का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

भूगोलाचे गुरुजी, बाभुळगाव

अंतराच्या आकड्यापासून सुरुवात करतो, कारण तो घरी बसून काढता येतो. सोनेगाव विमानतळ साधारण २१.०९ अंश उत्तर अक्षांश आणि ७९.०५ अंश पूर्व रेखांशावर आहे, लोहगाव १८.५८ आणि ७३.९२ वर. अक्षांशातला फरक २.५१ अंश. एका अंशाला १११ किलोमीटर धरले की दक्षिणोत्तर अंतर २७९ किलोमीटर होते. रेखांशातला फरक ५.१३ अंश आहे, परंतु विषुववृत्तापासून वर सरकत जावे तसतसा रेखांशाचा अंश आखूड होत जातो आणि आपल्या पट्ट्यात तो १०४.७ किलोमीटरच्या आसपास भरतो, म्हणून पूर्व-पश्चिम अंतर ५३७ किलोमीटर येते. या दोन भुजांवर पायथागोरसचे प्रमेय लावा, कर्ण ६०५ किलोमीटर. मुंबई-अमेरिकेसारख्या लांब पल्ल्याला हे गणित चालत नाही, तिथे पृथ्वीची गोलाई धरावीच लागते. पण सहाशे-सातशे किलोमीटरला एखाद-दुसऱ्या किलोमीटरचाच फरक पडतो.

तुम्हाला दिसलेला ३२७ हा आकडा सागरी मैलांचा आहे. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि वैमानिकांचे सगळे काम याच मापात चालते. याशिवाय काही ठिकाणी विमानतळाऐवजी शहराच्या मध्यापासून मोजतात. आपल्या नागपुरात झिरो माइलचा स्तंभ शहराच्या मधोमध आणि विमानतळ वर्धा रोडवर दक्षिणेला, त्यामुळे तेवढ्यानेही आकडा इकडेतिकडे होतो.

रिकामटेकडा, आर्णी

गुरुजी, दहावीला पायथागोरस कशाला शिकायचा असे विचारल्यावर आमच्या मास्तरांनी छडीने उत्तर दिले होते. तुमच्यासारखे उत्तर तेव्हा मिळाले असते तर मी आज वैमानिक असतो.

सोनेगाव निवृत्त

मी विमानतळावरच्या जमिनीवरच्या कामात अनेक वर्षे काढली आहेत, म्हणून घाटंजीकरांच्या त्रेचाळीस मिनिटांविषयी लिहितो.

तिकिटावरची वेळ हवेतली नसते. विमानाच्या चाकांमागचे अडसर काढून ते जागेवरून हलले, तिथून मोजणी सुरू होते आणि पुण्याला ठरलेल्या जागी उभे राहून अडसर लागले की संपते. या मधल्या काळात विमान मागे ढकलणे, इंजिने सुरू करणे, टॅक्सी करत, म्हणजे जमिनीवरूनच हळूहळू चालत, धावपट्टीच्या टोकाशी जाणे, पुढच्या विमानासाठी थांबणे आणि उतरल्यावर पुन्हा टॅक्सी करणे हे सगळे येते. दोन्ही बाजू मिळून पंधरा-वीस मिनिटे सहज जातात.

आता हवेतले बघा. ताशी ८५० किलोमीटर हा वेग वरच्या उंचीवरचा आहे. दहा हजार फुटांच्या खाली साधारणपणे २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटर एवढीच मर्यादा असते. पस्तीस हजार फूट चढायला वीस मिनिटांच्या आसपास लागतात आणि तेवढ्यात दोनशेच्या जवळपास किलोमीटर मागे पडलेले असतात. उतरण्याचा ढोबळ नियम असा की दर हजार फुटांना तीन सागरी मैल लागतात. म्हणजे पस्तीस हजार फुटांवरून उतरायला सुमारे १९५ किलोमीटर आधीपासूनच नाक खाली करावे लागते. सहाशे पाचातून हे दोन तुकडे वजा केले की पूर्ण वेगाने जायला दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर, म्हणजे जेमतेम पंधरा मिनिटे उरतात. नागपूर-पुणे हे उड्डाण चढण्यात आणि उतरण्यातच संपते. हवेत पंचावन्न मिनिटे ते एक तास, त्यात जमिनीवरची वीस मिळवा, तुमचा सव्वा तास तयार झाला.

कंपन्या वेळापत्रकात वर थोडी मोकळी मिनिटेही ठेवतात, कारण आपल्याकडे ठरलेल्या वेळेपासून पंधरा मिनिटांच्या आत असलेले विमान वेळेवर धरले जाते. पंधरा मिनिटांचा जो फरक तुम्हाला दोन तिकिटांत दिसला, त्याचा मोठा भाग हा असावा, आणि उरलेला पुण्याचा. लोहगाव हा मूळचा हवाई दलाचा तळ आहे आणि एकाच धावपट्टीवर लढाऊ व प्रवासी अशी दोन्ही विमाने सांभाळावी लागतात.

बडनेरा रोड

सोनेगाव निवृत्त यांचे म्हणणे आमच्या अमरावतीच्या विमानाने वेगळ्या रीतीने पटते. बेलोरा विमानतळ १६ एप्रिल २०२५ ला सुरू झाला आणि आठवड्यातून तीन दिवस मुंबईचे विमान लागले. बेलोरा ते मुंबई सरळ अंतर ५४० किलोमीटरच्या आसपास, तर नागपूर ते मुंबई सुमारे ६८५. अंतर जवळपास दीडशे किलोमीटरने कमी असूनही आमच्या विमानाला वेळापत्रकात पावणेदोन तास दिले होते, आणि नागपूरचे विमान दीड तासाच्या आतबाहेर पोचते. कारण इतकेच की बेलोऱ्याची धावपट्टी १८५० मीटरची आहे आणि तिथे एटीआर जातीचे पंख्याचे विमान येते, ज्याचा वेग ताशी पाचशे किलोमीटरच्या घरात असतो. तेव्हा निव्वळ अंतर विचारून उपयोग नाही, विमान कोणते हेही विचारावे.

तरी आम्ही बेलोऱ्यावरच खूश आहोत. घरून निघून नागपूर गाठायचे तीन तास वाचतात, त्यापुढे वरची पंधरा मिनिटे कोण मोजतो?

सोनेगाव निवृत्त

बडनेरा रोड, अगदी बरोबर. मुंबईची एक गोष्ट त्यात जोडतो. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. एवढ्या मोठ्या शहराचा सगळा भार प्रत्यक्षात एका धावपट्टीवर पडतो आणि गर्दीच्या वेळी विमानांना आकाशात घिरट्या घालत थांबावे लागते. ६८५ किलोमीटरच्या प्रवासात वेळेची खरी अनिश्चितता शेवटच्या पन्नास किलोमीटरमध्ये असते.

वाऱ्यावरची वरात

वारा कोणी मोजलाच नाही! हिवाळ्यात आपल्या डोक्यावर तीस-पस्तीस हजार फुटांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. ताशी शंभर किलोमीटरचा वारा धरा आणि विमानाचा वेग ८३०. नागपूरहून मुंबईला जाताना जमिनीच्या हिशेबाने ७३० मिळतात, परत येताना ९३०. चढ-उतार सोडून सगळे ६८५ किलोमीटर याच वेगाने कापले असे मानले तर जाताना छप्पन्न मिनिटे आणि येताना चव्वेचाळीस, म्हणजे सरळ बारा मिनिटांचा फरक. पावसाळ्यात हा पश्चिमी वारा उत्तरेकडे सरकतो आणि फरक मिटत जातो. दिल्लीचे साडेआठशे किलोमीटर मात्र दक्षिणोत्तर असल्यामुळे तिथे हाच वारा कुशीवर येतो आणि जाण्या-येण्याच्या वेळेत एवढी तफावत पडत नाही.

वणीचा व्यापारी

सगळे विद्वान आकाशात बारा मिनिटे वाचवत बसले आहेत. घाटंजीकर भाऊ, तुम्ही जमिनीवर या.

तुमच्या घरापासून सोनेगाव रस्त्याने १९० किलोमीटर तरी आहे. यवतमाळपर्यंतचा चाळीसेक किलोमीटरचा तुकडा सोडला तर पुढे कळंब, देवळी, वर्धा, बुटीबोरी हा तुळजापूर-नागपूरचा राष्ट्रीय महामार्ग चांगला आहे, आणि बुटीबोरीहून येताना विमानतळ शहराच्या अलीकडेच लागतो, त्यामुळे नागपूरच्या गर्दीत शिरावे लागत नाही. चार तास पुरतात. पण हे मार्च-एप्रिलचे बोलणे झाले. दिवाळीनंतर कापूस निघाला की जिनिंगच्या फाटकापासून दोन-दोन फर्लांग ट्रॅक्टर आणि मेटाडोर उभे असतात, वरून ताडपत्री सुटून बोंडे रस्त्यावर, मागून येणारा हॉर्न देतो, पुढचा उतरून चहा पितो. माझे एक विमान असेच गेले. काउंटर बंद झाल्यावर मी काचेपाशी उभा होतो आणि विमान समोर दिसत होते, सुटायला पन्नास मिनिटे बाकी होती, तरी आत घेतले नाही. देशांतर्गत प्रवासात बहुतेक कंपन्या साठ मिनिटे आधी काउंटर बंद करतात आणि पंचवीस मिनिटे आधी चढण्याचे दार, हे पक्के लक्षात ठेवा.

पावसाळ्यात तर नाल्याला पूर आला की पुलावरून पाणी ओसरेपर्यंत बसूनच राहावे लागते. तुमच्या मुलीचे प्रवेश नेमके जुलै-ऑगस्टातच असतात.

पुसदचा प्रवासी

मी वणीच्या व्यापाऱ्यांच्याही पुढे जाऊन म्हणतो की घाटंजीकरांनी विमानाचा नाद सोडावा. संध्याकाळी यवतमाळला स्लीपरमध्ये पाठ टेकायची, सकाळी पुण्यात डोळे उघडायचे. रात्र झोपेत जाते, एका रात्रीच्या लॉजचा खर्च वाचतो, आणि चार पोती सामान नेले तरी कोणी वजनकाटा लावत नाही. विमानाने त्याच दिवशी सकाळी दहाला पुण्यात पोचायचे तर घाटंजीहून मध्यरात्रीच्या आधी निघावे लागेल. म्हणजे रात्रही गेली आणि पैसेही गेले.

देवळीची लेक

पुसदच्या दादांनी झोपेचे जे वर्णन केले आहे, ते पुरुषांच्या बाबतीत खरे असेल. मी तीन वर्षे पुण्याला शिकायला होते आणि त्या बसने कित्येकदा गेले. रात्री अडीचला एखाद्या ढाब्यावर गाडी थांबते, स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नसते, आणि एकट्या मुलीने तिथे उतरावे की पहाटेपर्यंत तसेच बसून राहावे हा प्रश्न दरवेळी नव्याने पडतो. पाणी न पिता प्रवास करण्याची सवय मला त्या बसने लावली. वेळेच्या हिशेबात हे धरले जात नाही, म्हणून लिहिले.

मधला मार्ग म्हणजे रेल्वे. गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस नागपूर, वर्धा, पुलगाव, धामणगाव, बडनेरा अशी येऊन पुण्यावरून जाते. हावड्याहून येणारी आझाद हिंदही वर्ध्याला मिळते. वेळ बसपेक्षा जास्त लागतो, परंतु आरक्षण असेल तर घरच्यांना काळजी राहत नाही.

गोदाकाठ, सिरोंचा

तुम्हा यवतमाळकरांच्या १९० किलोमीटरचे आम्हाला हसू येते. आमच्या सिरोंच्याहून नागपूर रस्त्याने पावणेचारशेच्या आसपास, त्यात आलापल्लीपर्यंतचा रस्ता कसा आहे हे लिहिण्यापेक्षा एकदा येऊन बघावे. बाभुळगावच्या गुरुजींची रीत मी वापरून पाहिली: सिरोंचा ते सोनेगाव सरळ रेषेत सुमारे २६५ किलोमीटर आणि सिरोंचा ते हैदराबादचे शमशाबाद विमानतळ सुमारे २४०. सरळ रेषेत फारसा फरक नाही. पण गोदावरीवर पूल झाल्यापासून आम्ही कालेश्वरमकडे उतरतो आणि तेलंगणाच्या चांगल्या रस्त्याला लागतो. महाराष्ट्रातल्या माणसाने मुंबईला जाण्यासाठी आधी हैदराबाद गाठायचे, याचे आम्हाला आता नवल वाटत नाही.

भूगोलाचे गुरुजी, बाभुळगाव

गोदाकाठ यांनी रीत वापरली याचा आनंद झाला. त्याच रीतीने घाटंजीकरांसाठी एक आकडा काढला आहे, तो बघा. घाटंजी ते पुणे सरळ रेषेत ४९० किलोमीटरच्या जवळपास आहे आणि नागपूर ते पुणे ६०५. म्हणजे घाटंजीहून नागपूरला जाताना तुम्ही चार तास गाडी चालवून पुण्यापासून एकशे दहा-पंधरा किलोमीटर लांब जाता, आणि मग विमान तुम्हाला तुमच्याच जिल्ह्यावरून परत आणते. नकाशावर पट्टी ठेवली तर ही रेषा यवतमाळ शहराच्या उत्तरेकडून जवळपास पंचवीस-तीस किलोमीटरवरून जाते, जवळजवळ वाशीमच्या डोक्यावरून पुढे सरकते, आणि शेवटी अहिल्यानगरच्या बाजूने पुण्यात शिरते. प्रत्यक्ष विमान आखून दिलेल्या हवाई मार्गाने जात असल्यामुळे थोडे इकडेतिकडे होईल.

मुलीला उजव्या हाताची खिडकी मिळाली तर घ्यावी. लोणारचे सरोवर या रेषेच्या उत्तरेला चौदा-पंधरा किलोमीटरवर येते आणि पुण्याकडे जाताना उत्तर बाजू उजवीकडे असते. सरोवराचा खळगा पावणेदोन किलोमीटरहून अधिक रुंद आहे. आकाश निरभ्र असेल तर पस्तीस हजार फुटांवरूनही सहज दिसावा. पावसाळ्यात मात्र ढगच बघावे लागतील.

मेहकरी

दिसतो! मी एका जानेवारीत पाहिला आहे. उडाल्यानंतर अर्धा तासही झाला नव्हता. आजूबाजूची शेते कोरडी, तांबूस-करडी, आणि मध्ये हिरव्या पाण्याची गोल थाळी, तिच्या काठाला झाडांची गडद किनार. शेजारी बसलेल्या गृहस्थांना मी दाखवले तर त्यांनी कोणाचे शेततळे आहे म्हणून विचारले.

टपालखात्यातला निवृत्त, आर्वी

विषय नागपूर विमानतळाचा निघाला आहे म्हणून जुनी गोष्ट सांगतो, ती विषयाला धरूनच आहे. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चार दिशांनी विमाने निघत, मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत चारही विमाने आपापल्या शहरी परतत. नागपूरची निवड का झाली हे वर आलेल्या आकड्यांतच आहे: मुंबई ६८५, दिल्ली ८५०, मद्रास ९००, कलकत्ता ९८५ किलोमीटर. चारही शहरे हजार किलोमीटरच्या आत. त्या वेळच्या डकोटा विमानांचा वेग ताशी पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर होता, त्यामुळे मुंबईचे विमान अडीच तासांत आणि कलकत्त्याचे साडेतीन तासांत पोचे. मुंबईत संध्याकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी दिल्लीत मिळत असे. नंतर तेच पत्र दिल्लीहून आमच्या तळेगावला पोचायला किती दिवस लागत, ते मात्र विचारू नका.

समृद्धीवाला

टपालकाका, तुमचा शेवटचा टोला झकास. म्हणजे १९४९ पासून अडचण तीच आहे!

मला एक नवल वाटते. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे आणि नागपूर-मुंबई विमानाचे सरळ अंतर ६८५. जुना रेल्वेमार्ग ८३७ किलोमीटरचा. रस्ता एवढा सरळ काढला आहे की विमानाच्या रेषेत आणि त्याच्यात दोन-अडीच टक्क्यांचाच फरक उरला. अर्थात तो नागपूरच्या बाहेर सुरू होऊन भिवंडीजवळ आमणे येथे संपतो, तिथून मुंबईतले शेवटचे टोक वेगळेच असते. जून २०२५ मध्ये तो पूर्ण झाल्यापासून वर्धा, धामणगाव, कारंजा या पट्ट्यातल्या लोकांना मुंबईसाठी विमानाचा फायदा फारसा राहिलेला नाही, असे माझे मत आहे. पुण्यासाठी मात्र तो सरळ पडत नाही, मध्येच सोडून खाली उतरावे लागते.

सोनेगाव निवृत्त

मत पटले नाही. ताशी १२० च्या मर्यादेने सतत आठ तास गाडी हाकणे आणि खुर्चीत दीड तास बसणे यांची बरोबरी कशी होईल? सरळ, मोकळ्या रस्त्यावर डुलकी लागण्याचा धोका किती असतो हे वर्धा-वाशीम पट्ट्यातल्या लोकांना मी सांगायला नको.

समृद्धीवाला

दोन चालक घेऊन जावे. धोका मान्य, हिशेब अमान्य.

धामणगावची सून

सामानाचे कोणी बोलले नाही. मुलगी शिकायला जाते आहे म्हणजे आई लोणचे, कुरड्या, सांडगे आणि तुपाचा डबा देणारच. पंधरा किलोचे सामान खाली जमा करता येते आणि सात किलोची पिशवी सोबत ठेवता येते, बहुतेक ठिकाणी एवढेच बसते. तेलाचे लोणचे आणि तूप खाली जाणाऱ्या बॅगेत नीट बांधून ठेवा, हातातल्या पिशवीत असले तर तपासणीला काढून घेतात. सुके खोबरे तर कुठल्याच बॅगेत ठेवू नका, त्यातल्या तेलामुळे ते पेट घेणाऱ्या पदार्थांत मोडते. याच्या उलट मोबाइलची पॉवर बँक खालच्या बॅगेत चालत नाही, ती हातातच हवी. आणि बॅग जमा केली की पुण्याला पट्ट्यापाशी वीस-पंचवीस मिनिटे थांबावे लागते, ती मिनिटेही घाटंजीकरांनी हिशेबात घ्यावीत.

रिकामटेकडा, आर्णी

सांडगे तपासणीच्या यंत्रात कसे दिसतात, हे कोणाला ठाऊक आहे का? आमच्या मावशींची पिशवी दोनदा फिरवली होती.

घाटंजीकर

सर्वांचे मनापासून आभार. गुरुजींचे गणित मुलीला दाखवले, तिने घाटंजी-पुण्याचे ४९० स्वतः काढून पाहिले.

वरचे सगळे धरून मी असा हिशेब मांडला आहे. गाव ते सोनेगाव साडेचार तास, कारण पावसाळा आहे आणि अर्धा तास नाल्यांच्या नावाने ठेवला. विमानतळावर दोन तास आधी. उड्डाण एक तास वीस मिनिटे. बॅग मिळायला अर्धा तास आणि लोहगावहून महाविद्यालयापर्यंत गर्दीत एक तास. एकूण नऊ तास वीस मिनिटे. बसने घरून यवतमाळ, तिथली वाट पाहणे, रात्रभराचा प्रवास आणि पुण्यातली रिक्षा मिळून मला चौदा-पंधरा तास लागतात. म्हणजे पाच-साडेपाच तासांचा फायदा दिसतो, आणि या नऊ तास वीस मिनिटांत प्रत्यक्ष हवेतला वेळ तासाभराचाच आहे.

पुसदच्या भाऊंचा मुद्दा मला पटला की सकाळी दहाची वेळ त्याच दिवशीच्या विमानाने गाठू नये. म्हणून आदल्या दिवशीचे दुपारचे विमान घ्यायचे आणि रात्री नातेवाइकांकडे मुक्काम करायचा असे ठरवतो आहे. देवळीच्या ताईंनी जे लिहिले ते घरात वाचून दाखवल्यावर बसचा विषय आईनेच बंद केला. आता फक्त परतीचे राहिले. मुलगी तिथेच राहील, मी एकटा परत येणार आहे. रात्रीचे विमान बरेच स्वस्त दिसते आहे, ते घ्यावे का?

वणीचा व्यापारी

रात्रीचे विमान स्वस्त का असते ते सोनेगावला उतरल्यावर कळते. अकरा-साडेअकराला बाहेर आलात तर यवतमाळकडची गाडी तिथून मिळत नाही, बसस्थानक गाठावे लागते आणि भाड्याची मोटार केली तर विमानाच्या तिकिटाइतके पैसे मोजावे लागतात. रात्री वर्धा रोडला ट्रकांची रांगही असते. दुपारचे घ्या, अंधार पडायच्या बेतात यवतमाळला असाल.

सोनेगाव निवृत्त

सहमत. दुपारी उतरलात आणि बॅग हलकी असेल तर विमानतळाच्या मेट्रो स्थानकावरून शहरात जाता येते. स्थानक वर्धा रोडवर आहे आणि टर्मिनल आतल्या बाजूला, तेवढ्यासाठी रिक्षा करावी. दुसरा उपाय म्हणजे गावाकडचा कोणी त्या दिवशी नागपूरला दवाखान्यात किंवा बाजाराला येणार असेल तर त्याच्या गाडीची वेळ आधी विचारा आणि त्यानुसार विमान निवडा. आमच्याकडे येणारे जाणते प्रवासी तेच करायचे.

घाटंजीकर

गावातले एक जण गुरुवारी नागपूरच्या मेडिकलला (सरकारी दवाखान्यात) तपासणीसाठी येणार आहेत, दुपारी तीनला मोकळे होतात. गुरुवारचे तिकीट बघतो.

धामणगावची सून

तीनला मोकळे होतात म्हणजे पाच धरा. मेडिकलची रांग मी पाहिली आहे.